बी-स्कूलचं सत्र आखताना: अभ्यास, स्पर्धा आणि स्वतःचा वेळ

बिझनेस स्कूलमध्ये वेळ पुरत नाही अशी तक्रार सगळेच करतात. अडचण नुसत्या कमी वेळाची नाही. एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन गोष्टी एकाच आठवड्यात बसवायच्या असतात. अभ्यासाच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात आणि तो दर आठवड्याला थोडाथोडा अंगावर येतो. स्पर्धा, म्हणजे व्यवसायातला एखादा प्रश्न टीमने सोडवून ज्युरीपुढे मांडायचा, अचानक जाहीर होते, दहा-पंधरा दिवस डोक्यात दुसरं काही राहू देत नाही आणि निकालाबरोबर संपते. घर, मित्र, तब्येत, झोप यांना मात्र डेडलाइनच नसते. त्यामुळे ओढाताण सुरू झाली की पहिली गदा त्यांच्यावर येते, आणि ते लक्षात येईपर्यंत निम्मं सत्र सरलेलं असतं.

रोज तिन्हींना सारखा वेळ मिळाला पाहिजे हा आग्रह आधी सोडून द्या, तो कुणालाच जमत नाही. समतोल साधायचा तो अख्ख्या सत्राचा. त्यासाठी लागणारे बहुतेक निर्णय पहिल्या दोन आठवड्यांत, डोकं शांत असताना घ्यायचे असतात. त्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे कोणत्या स्पर्धांना नाही म्हणायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: आठवड्याचे तास मोजा

आठवड्यात १६८ तास असतात. कागद घ्या आणि खाली दिलेला हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा.

झोपेचे रोज ८ धरले तर ५६ तास गेले, उरले ११२. जेवण, अंघोळ, कपडे, येणं-जाणं, किरकोळ कामं यांना रोज ३ तास लागतात, म्हणजे २१. उरले ९१. आता अभ्यास. अमेरिकेतल्या क्रेडिटच्या (विषयाचा भार मोजायच्या एककाच्या) व्याख्येत वर्गातल्या दर एका तासामागे वर्गाबाहेरचं किमान दोन तास काम गृहीत धरलेलं असतं. सत्रात १५ क्रेडिट घेतले तर आठवड्याला ४५ तास होतात. युरोपात वर्षाचे ६० क्रेडिट आणि दर क्रेडिटला २५ ते ३० तास, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास धरतात. आठवड्यांत वाटले की हा आकडाही त्याच आसपास येतो. तेव्हा ४५ धरा. उरले ४६.

यातून क्लबचं काम, अर्धवेळ नोकरी किंवा इंटर्नशिपची शोधाशोध यांना १२ तास द्या. व्यायाम, घरच्यांशी बोलणं, मित्र, नुसतं बसणं यांना १४. आजारपण, लांबलेली मीटिंग, बिघडलेला लॅपटॉप अशा अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी ८ तास मोकळे ठेवा. आता उरतात १२.

म्हणजे स्पर्धेसाठी तुमच्याकडे आठवड्याला साधारण १२ तास आहेत. एका वेळी एक स्पर्धा नीट करायला ते पुरतात, दोन एकदम करायला पुरत नाहीत. दोन घेतल्या तर जादा तास झोपेतून किंवा अभ्यासातून काढावे लागतील, आणि कुठून काढायचे हे ठरवलेलं नसेल तर ते झोपेतूनच जातील. तुमचे आकडे वेगळे असतील; नोकरी करत शिकत असाल किंवा घरी लहान मूल असेल तर स्पर्धेच्या रकान्यात ४ तासही उरणार नाहीत. तसं असेल तर निदान या सत्रात स्पर्धा नको, एवढं तरी कागदावर स्पष्ट दिसेल.

पायरी २: पूर्ण सत्र एका पानावर आणा

पहिल्या आठवड्यात सगळ्या विषयांच्या कोर्स आउटलाइन समोर घ्या. एका शीटमध्ये आठवडे आडव्या ओळींत लिहा आणि रकाने असे करा: पहिला वैयक्तिक, दुसरा अभ्यास, तिसरा स्पर्धा. वैयक्तिक रकाना मुद्दाम पहिला ठेवला आहे, कारण शेवटी ठेवला तर तो रिकामाच राहतो. घरातला समारंभ, जवळच्या माणसाचा वाढदिवस, ठरलेली वैद्यकीय तपासणी, मित्रांबरोबरची सहल, हे सगळं आधी भरा.

मग अभ्यासाच्या रकान्यात प्रत्येक क्विझ, असाइनमेंट, प्रेझेंटेशन आणि परीक्षा तिच्या टक्क्यांसह लिहा. नुसती तारीख पुरत नाही. ५ टक्क्यांची क्विझ आणि ४० टक्क्यांची एंड-टर्म कॅलेंडरवर सारखीच दिसते. ज्या आठवड्यात टक्क्यांची बेरीज जास्त किंवा दोन मोठ्या गोष्टी एकत्र येतात, तो आठवडा लाल करा. बहुतेक सत्रांत असे तीन-चार लाल आठवडे निघतात: मिड-टर्मचा, एंड-टर्मच्या आधीचा आणि जिथे सगळे ग्रुप प्रोजेक्ट एकाच वेळी द्यायचे असतात तो.

लाल आठवडे दिसले की लगेच दोन गोष्टी करा. घरच्यांना, जोडीदाराला, जवळच्या मित्रांना त्या तारखा आत्ताच सांगून ठेवा. "त्या आठवड्यात माझा फोन कमी येईल" हे महिनाभर आधी कळलं तर माणसं समजून घेतात. ऐन वेळी कळलं तर दुखावतात. आणि दोन विषयांच्या तारखा अगदीच एकमेकांवर येत असतील तर दुसऱ्या आठवड्यातच प्राध्यापकांना भेटा. तेव्हा तारीख हलवणं त्यांना शक्य असतं. सातव्या आठवड्यात तीच विनंती सबबीसारखी वाटते.

पायरी ३: सगळ्या विषयांवर सारखी मेहनत नको

अकाउंटिंग, फायनान्स, स्टॅटिस्टिक्ससारख्या विषयांत प्रत्येक आठवडा आधीच्या आठवड्यावर उभा असतो. दोन आठवडे मागे पडलात तर तिसऱ्या आठवड्यात वर्गात काय चाललंय तेच कळत नाही. त्यांना दर आठवड्याला ठरलेला वेळ द्यायचा, स्पर्धा असो वा नसो. स्ट्रॅटेजी, मार्केटिंग, संघटनात्मक वर्तन यांत एखादी केस (कंपनीपुढच्या एखाद्या पेचाचा वर्गात चर्चेला दिलेला वृत्तांत) हुकली तरी पुढची समजते; पण तिथे वर्गातल्या सहभागाला गुण असतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये तर काही विषयांत हे गुण निम्म्यापर्यंत जातात. तिसरा गट प्रोजेक्टवर चालणाऱ्या विषयांचा. ते सत्रभर शांत असतात आणि शेवटी एकदम अंगावर येतात, म्हणून त्यांचं काम ओढून सत्राच्या पहिल्या निम्म्यात आणायचं.

केस वाचण्यात सर्वांत जास्त वेळ फुकट जातो, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. पंचवीस पानांची केस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीनदा वाचू नका. आधी पहिला आणि शेवटचा भाग वाचा: निर्णय कोणाला घ्यायचाय, कशाचा, कधीपर्यंत? मग तक्त्यांची आणि आलेखांची शीर्षकं पाहा. त्यानंतर मधला मजकूर एकदाच, पेन हातात घेऊन वाचा आणि निर्णयाशी संबंध असलेल्या ओळींवरच खुणा करा. पुढची वीस मिनिटं आकड्यांना द्या. एक तरी गणित स्वतः करा. शेवटी चार ओळी लिहा: माझा निर्णय, त्याची तीन कारणं, त्यातला एक आकडा आणि माझ्या विरोधात येऊ शकणारा सर्वांत भक्कम मुद्दा. सरावाने हे सगळं दीड तासात होतं. वर्गात हात वर करायला या चार ओळी पुरेशा असतात.

स्टडी ग्रुपमध्ये केसेस वाटून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. वाचनाच्या विषयांत ती चालते. गणिताच्या विषयांत ती टाळावी असं माझं ठाम मत आहे, कारण दुसऱ्याने सोडवलेलं गणित समजलं असं वाटतं, सोडवता मात्र येत नाही.

उजळणीबद्दलचं एक संशोधन इथे उपयोगी पडेल. रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने मजकूर पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने पुस्तक बंद करून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे. तेव्हा दर विषयाला आठवड्यातली वीस मिनिटं द्या: वही मिटवून त्या आठवड्यातलं जे आठवेल ते लिहून काढा, मग वही उघडून राहिलेलं भरा. परीक्षेच्या लाल आठवड्यातले कित्येक तास यात वाचतात.

पायरी ४: स्पर्धा निवडा, आणि मोजक्याच निवडा

सत्र बहुतेक वेळा इथेच बिघडतं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिंक येते, नोंदणीला दोन मिनिटं लागतात, "बघू तर काय होतंय" म्हणून नाव दिलं जातं आणि महिन्याभरात पाच स्पर्धांच्या पाच टीम गळ्यात पडतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. पाच ठिकाणी पहिल्या फेरीत बाद होण्यातून शिकायला फार थोडं मिळतं. एका स्पर्धेत शेवटपर्यंत टिकलात तर ज्युरीचे प्रश्न ऐकायला मिळतात, इतर टीमची प्रेझेंटेशन पाहायला मिळतात. स्पर्धेत उतरण्याचा खरा फायदा तोच.

निवडण्याआधी स्पर्धेचा प्रकार ओळखा, कारण प्रत्येक प्रकाराचा भार वेगळ्या पद्धतीने येतो.

काही स्पर्धा छोट्या आणि तीव्र असतात. कॅनडात मॉन्ट्रिअलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातली जॉन मोल्सन एमबीए केस स्पर्धा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. तिथे टीमला केस हातात मिळते आणि बाहेरची मदत न घेता तीन तासांत उत्तर तयार करावं लागतं. अशा स्पर्धेत मुख्य आठवडा पूर्ण जातो, पण त्याआधीचा सराव वेळापत्रकात आरामात बसवता येतो. ज्यांना दीर्घ जबाबदाऱ्या आहेत त्यांना हा प्रकार जास्त सोयीचा.

कंपन्यांच्या स्पर्धा फेऱ्याफेऱ्यांनी चालतात. लॉरिआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची ब्रँडस्टॉर्म १९९२ पासून होते. पहिल्या फेरीत काही स्लाइड किंवा छोटा व्हिडिओ, पुढे गेलात की काम दुप्पट. यातला धोका असा की पहिल्या फेरीचं काम बघून होकार दिला जातो, आणि दुसरी फेरी नेमकी मिड-टर्ममध्ये येते. नोंदणीपूर्वी सगळ्या फेऱ्यांच्या तारखा शीटमध्ये टाकून पाहा.

तिसरा प्रकार महिनोन् महिने चालणारा. गुंतवणूक क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संस्था असलेल्या सीएफए इन्स्टिट्यूटच्या रिसर्च चॅलेंजमध्ये तीन ते पाच जणांची टीम शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीचा सखोल अभ्यास करते, अहवाल लिहिते आणि तज्ज्ञांपुढे मांडते. हल्ट प्राइझ या विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत सामाजिक प्रश्नावर उभा राहील असा उद्योग मांडायचा असतो आणि जागतिक विजेत्याला १० लाख डॉलर मिळतात. अशी स्पर्धा घेतली तर तिला एक पूर्ण विषय घेतल्यासारखं माना: दर आठवड्याला ठरलेले तास, सत्रभर. शिवाय दुसरी मोठी स्पर्धा नाही.

माझा नियम सरळ आहे: सत्राला एक लांब आणि एक छोटी, किंवा दोन मध्यम, यापेक्षा जास्त नको. पहिल्या सत्रात तर एकच. ती निवडताना स्वतःला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून काढा:

- मला ज्या क्षेत्रात काम करायचंय त्याच्याशी हिचा संबंध आहे का? नसेल, तर मला न येणारं कोणतं कौशल्य इथे शिकायला मिळेल?
- कोणत्याही फेरीची तारीख लाल आठवड्यात येते का?
- ज्युरीचा अभिप्राय मिळतो का, की नुसतीच निकालाची यादी लागते?
- ज्यांच्याबरोबर आनंदाने काम करीन अशी टीम मला आत्ता मिळते आहे का?
- बक्षीस नसतं तरी मी यात भाग घेतला असता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर सोडून द्या. जिंकण्याची शक्यता प्रत्येक स्पर्धेत कमीच असते. शिकायला मिळणं तेवढं आपल्या हातात असतं.

नाही म्हणणं जड जातं, विशेषतः मित्राने विचारल्यावर. वाक्य आधीच तयार ठेवा: "या सत्रात माझ्या दोन स्पर्धा ठरल्यात, तिसरीला मी न्याय देऊ शकणार नाही. पुढच्या सत्रात नक्की विचार." कारण खरं आहे, छोटं आहे आणि समोरच्याला लगेच दुसरा माणूस शोधता येतो. "बघतो, सांगतो" म्हणून चार दिवस लोंबकळत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणखी एक युक्ती: वर्गातलं प्रोजेक्ट आणि स्पर्धेचा विषय जुळवता येतो का ते पाहा. मार्केटिंगच्या प्रोजेक्टसाठी निवडलेलं क्षेत्रच स्पर्धेचं असेल तर संशोधन एकदाच करावं लागतं. मात्र एकच काम दोन ठिकाणी देण्याबद्दल संस्थेचे नियम असतात. आधी प्राध्यापकांना लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

पायरी ५: टीमशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला

फ्रेंच अभियंता रिंगेलमान याने १९१३ मध्ये दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओढणारे जसे वाढत गेले तसा माणशी जोर कमी होत गेला. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. नियमांत मुभा असेल तर तीन किंवा चार जणांची टीम घ्या. पाचवा आला की मीटिंगची वेळ जुळवण्यातच संध्याकाळ जाते.

टीम ठरल्यावर विषयाला हात घालण्याआधी अर्धा तास या गोष्टींवर बोला. प्रत्येकजण यात कशासाठी आहे: जिंकायला, शिकायला, की बायोडेटात एक ओळ हवी म्हणून? तिन्ही उत्तरं रास्त आहेत, पण ती एकमेकांना माहीत हवीत. आठवड्याला प्रत्येकी किती तास? कोण कधी अजिबात उपलब्ध नसेल? मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? आणि एकाचं काम वेळेत झालं नाही तर इतरांना कधी, कसं कळवायचं? ठरलेलं पाच ओळींत ग्रुपवर लिहून टाका. जिवलग मित्रांच्या टीममध्ये हे करायला संकोच वाटतो, पण तिथेच याची गरज जास्त असते, कारण काम बिघडलं तर मैत्रीही पणाला लागते.

कामं वाटताना एकाच माणसाकडे पूर्ण डेक (सगळ्या स्लाइडचा संच) देऊ नका. संशोधन, आकडेमोड, मांडणी अशा तीन जबाबदाऱ्या करा आणि प्रत्येकीवर दुसऱ्या कुणाची नजर राहील असं पाहा. याच बैठकीत मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक पद्धत वापरून पाहा: आपण हरलो आहोत असं गृहीत धरायचं आणि प्रत्येकाने दोन मिनिटांत त्याची कारणं लिहायची. "आकडे कुणी तपासलेच नाहीत", "शेवटच्या रात्री स्लाइड बदलत बसलो" अशी कारणं तिथेच बाहेर येतात आणि त्यांवर उपाय करायला अजून वेळ असतो.

पायरी ६: स्पर्धेचे दहा दिवस शेवटाकडून मागे आखा

आपण आपल्याच कामाचा अंदाज नेहमी कमी धरतो. डॅनिअल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीकडे लक्ष वेधलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी स्वतःचा प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणून स्पर्धेच्या कामाचा जो अंदाज येईल त्याची सरळ दीडपट करा आणि मग तारखा मांडा.

दहा दिवस हातात असतील तर असं बसतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एकट्याने प्रश्न वाचायचा आणि आपलं उत्तर एका पानात लिहायचं. एकत्र बसून सुरुवात केली तर पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या कल्पनेमागे सगळे जातात. दुसऱ्या दिवशी दीड तासाची बैठक: पानं शेजारी ठेवा, एक दिशा ठरवा, ती खरी आहे की नाही हे कोणत्या माहितीने कळेल ते लिहा. तीन ते पाच हे दिवस संशोधन आणि आकडेमोडीचे. कामं स्वतंत्र, मीटिंग नाही. सहाव्या दिवशी लॅपटॉप मिटून कागदावर फक्त स्लाइडची शीर्षकं लिहा. शीर्षकं ओळीने वाचली तर आपलं म्हणणं सलग कळतं का? कळत नसेल तर स्लाइड बनवायला घेऊ नका. सात-आठ हे दिवस स्लाइडचे. नवव्या दिवशी टीमबाहेरच्या कुणाला तरी दाखवा, वेळ लावून बोलून पाहा आणि विचारले जातील असे दहा प्रश्न काढा. दहाव्या दिवशी पोर्टल बंद व्हायच्या निदान सहा तास आधी फाइल पाठवा. नवव्या रात्रीनंतर चुका दुरुस्त करायच्या, नवीन कल्पना घ्यायच्या नाहीत. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं.

या दहा दिवसांत आकडेमोडीचे विषय सोडायचे नाहीत. इतर विषयांत मात्र "पुरेसं" काम करायचं हे आधीच मान्य करा. तेवढ्याने सत्र बिघडत नाही.

रात्र जागून काम करण्याबद्दल दोन गोष्टी. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असतानाच्या कामगिरीइतकी किंवा त्याहून खालावलेली आढळली. २००३ च्या दुसऱ्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती उत्तरोत्तर घसरत गेली. त्यांना स्वतःला मात्र आपण किती घसरलो याची फारशी जाणीव नव्हती. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे: "मला सहा तास पुरतात" हे आपलं आपल्याला खरंच वाटत असतं. ज्युरीच्या प्रश्नाला चटकन उत्तर द्यायचं असेल तर आदली रात्र झोपेसाठी राखून ठेवा.

पायरी ७: आठवडा बसवा

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास काढून पुढचा आठवडा मांडा. आधी झोप आणि वैयक्तिक भेटी, मग वर्ग, मग अभ्यासाचे दीड-दीड तासाचे तुकडे, मग स्पर्धा. सर्वांत अवघड विषय डोकं ताजं असेल त्या वेळी. स्लाइडचं फॉरमॅटिंग, ईमेल, फॉर्म भरणं थकलेल्या वेळी.

एका संध्याकाळी तीन विषय आणि एक स्पर्धा असं करू नका. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. थांबायच्या आधी दोन मिनिटं घेऊन "कुठपर्यंत आलो, पुढे काय करायचं" एवढं लिहून ठेवा. मग दुसऱ्या कामात मन लागतं.

ग्रुप चॅट दिवसातून तीन ठरलेल्या वेळी पाहा आणि टीमला तसं सांगा. खरंच तातडीचं असेल तर फोन येईल.

पायरी ८: स्वतःच्या आयुष्याला तारीख द्या

"वेळ मिळाला की भेटू" याचा अर्थ भेट होत नाही. या रकान्यातल्या गोष्टींनाही दिवस, वेळ आणि समोर एक माणूस हवा. आईवडिलांना ठरलेल्या वारी फोन. जोडीदाराबरोबर आठवड्यातली एक संध्याकाळ, फोन बाजूला ठेवून. बी-स्कूलबाहेरच्या एका तरी मित्राशी नियमित बोलणं; ज्याला तुमच्या सीजीपीएशी काही देणंघेणं नाही असा माणूस या दोन वर्षांत फार मोलाचा असतो. आठवड्यातला अर्धा दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्यात अभ्यास नको, स्पर्धा नको, "नेटवर्किंग"ही नको.

व्यायामाचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचं आहे. भरभर चालणंही त्यात धरतात. फोनवर बोलता बोलता चाललात तरी रोजची वीस-बावीस मिनिटं सहज भरतात.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. सतत उदास वाटणं, झोप किंवा भूक पार बिघडणं, आवडत्या गोष्टींतही मन न लागणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. संस्थेतल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. सत्र पुन्हा करता येतं.

पायरी ९: घडी विस्कटली तर

सत्रात एकदा तरी सगळं एकदम कोसळतं. त्या दिवशी जास्त जोर लावण्याआधी वीस मिनिटं बसून यादी करा आणि प्रत्येक कामापुढे लिहा: आणखी चार तास दिले तर किती टक्के वाढतील? १० टक्क्यांची असाइनमेंट ७ वरून ८ वर नेली तर विषयात एकच टक्का वाढतो. तेच चार तास ४० टक्क्यांच्या परीक्षेतल्या न समजलेल्या प्रकरणाला दिले तर पाच-सहा टक्के वाढू शकतात. असाइनमेंट आहे तशी पाठवून द्या.

मुदतवाढ मागायची असेल तर डेडलाइनच्या आधी मागा, आणि नेमकी मागा: काय झालंय, किती काम झालंय, कोणत्या दिवशी देणार. स्पर्धेतून बाहेर पडायचं असेल तर टीमला लवकर सांगा, तुमच्याकडचं काम नीट सोपवा, शक्य असेल तर बदली माणूस सुचवा. शेवटच्या दोन दिवसांत बाहेर पडणं मात्र टाळा. तेव्हा आपला भाग कमीत कमी पातळीवर का होईना, पूर्ण करून द्या. आणि कितीही घाई असली तरी दुसऱ्याचं काम आपलं म्हणून देऊ नका. वाङ्मयचौर्याची चौकशी सुरू झाली तर एका असाइनमेंटचा प्रश्न पूर्ण पदवीचा होतो.

पायरी १०: सत्र संपल्यावर एक तास

परीक्षा संपल्यावर आधी झोपा. मग आठवड्याभरात एक तास काढा. पायरी १ चा कागद काढून आखलेले तास आणि खरे लागलेले तास शेजारीशेजारी लिहा. फरक सर्वांत जास्त कुठे पडला, तोच पुढच्या सत्रात बदलायचा.

प्रत्येक स्पर्धेसाठी एक पान लिहा: प्रश्न काय होता, आपण काय सुचवलं, ज्युरीने काय विचारलं, आपण स्वतः नेमकं काय केलं आणि कोणता आकडा काढला. मुलाखतीत "टीममध्ये काम केल्याचा अनुभव सांगा" असं विचारतील तेव्हा हेच पान कामी येईल. डेक, आकडेमोडीच्या फाइल आणि माहितीचे स्रोत एका फोल्डरमध्ये नाव-तारीख घालून ठेवा. पुढच्या स्पर्धेत बाजाराचा आकार काढायची पद्धत पुन्हा शोधावी लागणार नाही. टीममधल्या प्रत्येकाला त्याच्या कामातली एक नेमकी आवडलेली गोष्ट लिहून कळवा. लाल आठवड्यांत ज्यांचे फोन घेता आले नाहीत, त्यांना आता फोन करा आणि पुढच्या सत्राच्या शीटमधला पहिला रकाना त्यांना विचारून भरा.